मदत हवी आहे: टायट्रेशनचं सिम्युलेशन ऐन २५ मिलीला बंद पडतं

शंकूपात्र
प्रथम वर्षाच्या मुलांनी टायट्रेशनच्या (ॲसिडमध्ये थेंबाथेंबाने बेस सोडून सांद्रता काढण्याच्या) प्रॅक्टिकलआधी घरी सराव करावा म्हणून एक पान बनवतोय. डावीकडे ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची नळी), उजवीकडे पीएचचा आलेख. स्लायडर सरकवला की बेस पडतो आणि आलेखावर बिंदू उमटतो. २४ मिलीपर्यंत सगळं सुरळीत, २५ ला आलेख गायब. दोन रात्री यात गेल्या, सोमवारी बॅच आहे. काय चुकतंय?

निळा_लिटमस
ॲसिड कोणतं, बेस कोणता, दोन्हींची सांद्रता किती, पीएच कोणत्या सूत्राने काढताय? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पान कशात केलंय तेही सांगा.

मोलसंकल्पना
सगळं स्वतः कशाला लिहिताय? फेट (PhET) या साइटची सिम्युलेशन्स फुकट आहेत, २००२ पासून चालू आहेत, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी सुरू केलेला उपक्रम आहे. त्यात आम्ल-आम्लारी द्रावणांचंही आहे. लिंक द्या आणि मोकळे व्हा.

शंकूपात्र
फेटचं ते पाहिलंय, त्यात ब्युरेट नाही. मला थेंब हवेत.

तोटीवरचा_हात
स्पष्ट बोलतो, पडद्यावर टायट्रेशन शिकवता येत नाही. डावा हात तोटीला मागून वळसा घालून, उजव्या हाताने फ्लास्क गोल फिरवत राहायचा, खाली पांढरी फरशी. टोकाला लोंबलेला अर्धा थेंब फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवायचा आणि वॉश बॉटलने खाली ढकलायचा. हे स्लायडरने कसं शिकवणार?

वॉशबॉटल
दादा, हात प्रयोगशाळेतच तयार होतो, ते मान्य. पण माझ्या बॅचला मेनिस्कसची (नळीतल्या द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची) वरची कड वाचायची की खालची, हेच ठाऊक नसायचं आणि पहिला तास त्यातच जायचा. मूडलवर (ऑनलाइन वर्गाच्या साइटवर) ब्युरेटच्या दहा फोटोंची रीडिंगची चाचणी लावली, आता मुलं आली की थेट भरायला घेतात. सरावाचं पान हाताची जागा घेत नाही, हाताला वेळ मिळवून देतं.

तोटीवरचा_हात
रीडिंगपुरतं मान्य.

फ्लॅशग्रस्त
काहीही करा, साध्या एचटीएमएलमध्येच करा. मी क्षारांच्या पृथक्करणाचा पूर्ण संच फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केला होता. २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद झालं आणि एकही फाईल उघडेना.

शंकूपात्र
एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टच आहे, पण प्रश्न तो नाही! ॲसेटिक ॲसिड ०.१ मोलर, २५ मिली. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, तेही ०.१ मोलर. पीएचसाठी हेंडरसनचं सूत्र, पीकेए (ॲसिडच्या तीव्रतेचा आकडा) ४.७६. शून्य मिलीलाही बिंदू येत नाही, पण त्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं.

निळा_लिटमस
तिथेच तर मेख आहे. हेंडरसनमध्ये क्षार भागिले ॲसिड असतं. शून्याला क्षार नाही, म्हणजे शून्याचा लॉग. २५ ला ॲसिड संपलं, म्हणजे शून्याने भागाकार. २६ ला तर ऋण संख्येचा लॉग. सूत्र फक्त बफरच्या पट्ट्यात, म्हणजे ॲसिड आणि क्षार दोन्ही असतात तिथेच चालतं. चार भाग करा: सुरुवात, बफर, इक्विव्हॅलन्स पॉइंट (ॲसिड नेमकं संपतं तो बिंदू), जादा बेस.

चार्जबॅलन्स
चार भाग करू नका, पुन्हा अडकाल. स्लायडर ०.०५ ने वाढवत गेलात की बेरजेत दशांशाची धूळ साचते आणि २५ च्या जागी २४.९९९९९ येतं. मग 'बरोबर २५' ही अट लागतच नाही. धन आणि ऋण आयनांच्या सांद्रतांचं एकच समीकरण घ्या: हायड्रोजन अधिक सोडियम बरोबर हायड्रॉक्साइड अधिक ॲसिटेट. पीएच ० ते १४ मध्ये धरा, मधली किंमत टाकून बघा, चुकीची अर्धी बाजू टाकून द्या, असं चाळीस वेळा. संगणकाला क्षणही लागत नाही.

निळा_लिटमस
पण मुलांना वहीत चार भागच लिहायचे असतात.

चार्जबॅलन्स
वहीत लिहू देत. आलेखामागचं गणित त्यांना दिसत नाही. आणि मिली साठवू नका, थेंब मोजा: ०.०५ मिलीचा एक थेंब, ५०० थेंब म्हणजे २५ मिली.

कॅमेरा_स्टँड
व्हिडिओ काढताना ब्युरेटमागे पांढरा कागद धरा आणि कॅमेरा मेनिस्कसच्या पातळीवर ठेवा, नाहीतर रीडिंग चुकीचं दिसतं.

शंकूपात्र
व्हिडिओ काढत नाहीये, तरी धन्यवाद.
चार्जबॅलन्स, चाललं! शून्याला २.८८, २५ ला ८.७३. आधी स्लायडर एकेक मिलीने सरकायचा, त्या हिशोबाने २४ ला ६.१४ आणि २६ ला एकदम ११.२९. आता थेंबाथेंबाने २४.९५ ला ७.४६, २५ ला ८.७३, २५.०५ ला १०. एका थेंबात सव्वा पीएच! हेच तर मुलांना दाखवायचं होतं. फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा गुलाबी रंग ८.२ ते १० मध्ये चढवत नेलाय.

वॉशबॉटल
फक्त रंगावर ठेवू नका. काही मुलांना रंग ओळखायला अडचण येते. बाजूला 'रंगहीन', 'फिका गुलाबी' असे शब्दही येऊ द्या. आणि रोल नंबरवरून प्रत्येकाची सांद्रता थोडी वेगळी ठेवा, नाहीतर पहिल्याचं उत्तर सगळ्या बॅचकडे पोहोचतं.

तोटीवरचा_हात
स्लायडर मात्र काढाच. तोटी सरकत नाही, फिरते. मागे ओढला की पडलेला बेस ब्युरेटमध्ये परत चढतो, मुलांच्या डोक्यात तेच बसेल. बटण ठेवा.

शंकूपात्र
बरोबर आहे सर, हे सुचलंच नव्हतं. एकदा दाबलं की थेंब, दाबून धरलं की धार, परत घेणं नाही. आज रात्री करतो.