दादांचं बीपी, ग्रेड 2 फॅटी लिव्हर आन् कॅन्सरची धास्ती, शेंगदाणे बंद करायचे का?

जिंतूरकडचा:
राम राम मंडळी. दादा (म्हणजे वडील, आमच्याकडं दादाच म्हणतात) 58 वर्षांचे, वजन 84 किलो, सगळं पोटावर. बीपीच्या गोळ्या सहा वर्षांपासून चालू, टेल्मिसार्टन 40 आन् अ‍ॅम्लोडिपिन 5. मागच्या महिन्यात बरगडीखाली जड वाटायलंय म्हणून परभणीला सोनोग्राफी केली तर ग्रेड 2 फॅटी लिव्हर निघालं. त्यात आमच्या गल्लीतले एक काका दिवाळीच्या आधी लिव्हरच्या कॅन्सरनं गेले, त्यांनाबी बीपी होतं, आन् तिथले डॉक्टर शेवटी शेवटी म्हणले होते म्हणे की लिव्हरचं प्रेशर वाढलंय. झालं, तेवढ्यावर आमच्या चुलत्यानं ओट्यावर बसून निकाल लावला की बीपीनं लिव्हर सडतं आन् गोळ्यांनी अजून लवकर सडतं. दादांनी आठ दिवसांपासून गोळीच सोडलीय. काल मेडिकलवर मोजलं तर 164/102. वरून कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की शेंगदाण्यात कॅन्सरचं विष असतं, तर आईनं डबाभर कूट उकिरड्यावर नेऊन टाकला. आता मराठवाड्यात कूट बंद म्हणजे भाजीच बंद की हो. तर बीपीनं लिव्हरचा कॅन्सर खरंच होतो का, आन् खायचं काय काय बंद करायचं? दादा दारू पीत नाहीत, विडी होती ती पाच वर्षांपासून बंद.

काढेवाले_आबा:
काही घाबरू नको बाळा. गुळवेलीचा काढा सकाळी अनशापोटी एक ग्लास. लिव्हर धुऊन निघतं. आमच्या गावात सगळे घ्यायलेत, कुणाला काही झालं नाही.

मेडिसिनवाला_नांदेड:
आबा, तुमचा मान ठेवून सांगतो, काढा नको. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची माहिती छापली होती. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण ज्याचं लिव्हर आधीच चरबीनं भरलंय त्याच्यावर कशाला प्रयोग.

जिंतूरकर भाऊ, पहिलं काम म्हणजे दादांची गोळी आजच चालू करा. 164/102 वर आधी डोक्याला नाहीतर हृदयाला फटका बसतो, लिव्हरची पाळी यायच्या लई आधी.

आता ते लिव्हरचं प्रेशर. इथंच सगळा घोळ झालाय. आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो ते बीपी वेगळं. आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणारी एक मोठी नस असते, पोर्टल व्हेन. लिव्हर कडक झालं म्हणजे सिरोसिस झाला की त्या नसेत रक्त तुंबतं आन् तिथलं प्रेशर वाढतं, त्यानं पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या नसा फुगतात. गंमत म्हणजे अशा पेशंटचं दंडाचं बीपी बऱ्याच वेळा उलटं कमी यायला लागतं. तुमच्या काकांचे डॉक्टर बहुतेक त्याच नसेबद्दल बोलत होते. बरं चुलते अगदीच हवेत बोलायले असंही नाही, कारण पोटात पाणी झालेल्या सिरोसिसमध्ये टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या खरंच टाळतात. पण ती लई पुढची पायरी. नुसतं फॅटी लिव्हर आहे म्हणून ही गोळी कुणी थांबवत नाही.

बीपीनं कॅन्सर होतो का? बीपीवाल्यांत लिव्हरचा कॅन्सर थोडा जास्त दिसतो हे काही मोठ्या पाहण्यांत आलंय, पण बीपी तिथं एकटं नसतं. पोटाचा घेर, शुगर, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, फॅटी लिव्हर, ही सगळी एकाच दावणीची जनावरं. म्हणून तर 2023 मध्ये या फॅटी लिव्हरचं नावच बदललं, आता नावातच मेटाबॉलिक शब्द घातलाय. चरबी, मग सूज, मग वर्षानुवर्षं व्रण पडत सिरोसिस, आन् कॅन्सर जास्त करून त्या शेवटच्या टप्प्यावर धरतो. ग्रेड 2 वाल्या बहुतेकांना तिथंवर जावंच लागत नाही.

सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबी सांगतो, व्रण सांगत नाही. वय आन् रक्ताच्या टेस्टमधले एसजीओटी, एसजीपीटी (हे दोन लिव्हरचे) आन् प्लेटलेट एवढ्यावर फिब-4 नावाचा आकडा निघतो, मोबाईलवर कॅल्क्युलेटर मिळतं. 1.3 च्या खाली असला की बहुतेक निवांत, वर गेला की फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायची तपासणी, करून घ्यायचा. आन् हिपॅटायटिस बी आन् सी ची टेस्ट झालीय का ते सांगा, शुगर पण. जगात लिव्हरच्या कॅन्सरची सगळ्यात मोठी कारणं आजही हे दोन व्हायरसच आहेत.

मोंढ्यातला_आडत्या:
शेंगदाण्यावर मी बोलतो, वीस वर्षं भुसारात चालली. विष दाण्यात नसतं, बुरशीत असतं. अफ्लाटॉक्सिन म्हणतात. आपल्याकडं उन्हाळी भुईमूग काढायला येतो मे-जूनला, तेवढ्यात पाऊस गाठतो, शेंगा ओल्याच पोत्यात भरतात की लागली बुरशी. दुसरं म्हणजे दाणा फुटू नये म्हणून काही लोकं शेंगांवर पाणी मारून मग मशीनला घालतात, वजन पण वाढतं (हे सांगितलं म्हणून मला मोंढ्यात शिव्या बसतील). तो दाणा नंतर नीट वाळवला नाही की संपलं. शेंग हलवली की आत खडखड वाजली पाहिजे. घरी घेताना सुरकुतलेला, काळपट, हिरवट दाणा निवडून फेकायचा, कडू लागला तर थुंकायचा, भाजून खाऊ म्हणायचं नाही. आणि पावसाळ्यात वर्षाचा दाणा भरून ठेवायची हौस करू नका, महिन्याचा आणा. वहिनींनी चांगला कूट टाकला असेल तर मात्र वाईट वाटलं राव.

मेडिसिनवाला_नांदेड:
आडत्या भाऊ बरोबर. भाजल्यानं ते विष थोडं कमी होतं, जात नाही. 1974 ला राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन 397 लोकांचं लिव्हर बिघडलं, 106 गेले. ते एकदम भरपूर पोटात गेल्यामुळं. थोडं थोडं वर्षानुवर्षं गेलं तर कॅन्सरची रिस्क, आन् हिपॅटायटिस बी असलेल्याला तर ती कितीतरी पटीनं वाढते.

उमरग्याची_लेक:
हिपॅटायटिस बी चा विषय निघाला म्हणून लिहितेय नाहीतर मी फक्त वाचत असते. माझे मोठे दीर 44 व्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरनं गेले. दारूचा थेंब नाही, बारीक अंगाचे, बीपी नाही शुगर नाही. लोकं तेराव्याला पण कुजबुजत होती की चोरून पीत असणार, सासूबाईंना ते ऐकून जे वाटलं ते मी सांगू शकत नाही. नंतर सगळ्या घराच्या टेस्ट केल्या तर सासूबाई आणि माझे मिस्टर दोघं पण हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. म्हणजे बाळंतपणात आईकडून आलेलं, चाळीस वर्षं कुणाला पत्ता नाही. सिरोसिस न होता पण यात डायरेक्ट कॅन्सर होऊ शकतो हे तेव्हा कळलं. मिस्टरांना रोज टेनोफोविरची (व्हायरस दाबून ठेवणारी) गोळी आहे, सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ताची टेस्ट. सरकारी जिल्हा दवाखान्यात 2018 च्या हिपॅटायटिस कार्यक्रमात टेस्ट आणि गोळ्या फुकट मिळतात, लाजू नका. माझी टेस्ट निगेटिव्ह होती, लस घेतली, मुलाला जन्मल्यावर 24 तासांच्या आत दिली. सी निघाला तर तो बहुतेक वेळा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळं जिंतूरकर भाऊ, कूट राहू द्या बाजूला, आधी या दोन टेस्ट करा.

जिंतूरकडचा:
ताई, लई वाईट वाटलं वाचून. उद्याच करतो. खाण्याचं पण कुणीतरी सांगा ना. दादांचा दिवस असा: सकाळपासून सात कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, वरण, ठेचा, लोणचं. संध्याकाळी स्टँडवरचे भजे. रात्री परत भाकरी, पापड, आन् वरून मीठ पाहिजेच.

मेडिसिनवाला_नांदेड:
भाकरीला हात लावू नका. सात कप गुणिले दोन म्हणजे 14 चमचे साखर, सरासरी 60-70 ग्रॅम होतेय, तिचीच लिव्हरमध्ये चरबी व्हायलीय. आधी ती कापा, मग भजे. मीठ दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. लोणचं, पापड आन् वरचं मीठ मिळून दादा त्याच्या दुप्पट तरी जात असतील. ठेचा चालेल, पण मीठ बोटाच्या चिमटीनं, मुठीनं नाही. वजन 7 ते 10 टक्के उतरलं की लिव्हरची सूज पण उतरायला लागते, तुमच्या दादांना ते होतात 6 ते 8 किलो. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर खुशाल घ्या, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो.

काढेवाले_आबा:
कॉफी चालते, काढा चालत नाही. घोर कलियुग.

जिंतूरकडचा:
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, सोयाबीनच्या काढणीत होतो. हिपॅटायटिस बी आन् सी दोन्ही निगेटिव्ह. शुगर काठावर आहे. एसजीओटी 44, एसजीपीटी 62, प्लेटलेट 2 लाख 40 हजार, फिब-4 निघाला 1.35, म्हणजे जरासाच वर, तरी फायब्रोस्कॅन केलं, ते 6.4 आलं, डॉक्टर म्हणले व्रण नाहीत, वजन उतरवा आन् वर्षानं परत दाखवा. गोळी चालू केली, बीपी 138/86. चहा तीन कपांवर आणलाय, साखर अर्धा चमचा, त्यावरून घरात रोज भांडण. कॉफी पिऊन बघितली, म्हणले हे तर जळालेल्या चिंचोक्याचं पाणी आहे. आई आता दाणे परातीत घेऊन चष्मा लावून निवडत बसते.

मोंढ्यातला_आडत्या:
झ्याक. चुलत्याचं बीपी मोजलं का पण?

जिंतूरकडचा:
मोजलं की. 172/104. म्हणतोय मशीन खराब आहे.