आरसे हवेत की नुसतं क्षेत्रफळ? न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरांसाठी क्ष-किरण दुर्बीण

(मोजपट्टी, तिरपा आरसा आणि गारठा या टोपणनावांच्या तिघांची चर्चा.)

मोजपट्टी
मध्यम आकाराची क्ष-किरण दुर्बीण फक्त न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरांसाठी आखायची असेल, तर माझं मत सरळ आहे: आरसे काढून टाका. हे स्रोत क्ष-किरणांत ठिपक्यापलीकडे दिसणार नाहीत. माहिती आहे ती मिलिसेकंदांच्या चढउतारात.

प्रस्ताव असा: ४५० मायक्रॉन जाडीचे सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर, वर बारीक छिद्रांच्या शिसे-काचेचा कोलिमेटर (समोरच्या दिशेचेच किरण आत सोडणारी जाळी), दृष्टिक्षेत्र १ अंश, एकूण क्षेत्रफळ ८ चौरस मीटर, पट्टा २ ते ३० केईव्ही (किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट). १९९५ साली सोडलेल्या नासाच्या आरएक्सटीई या क्ष-किरण उपग्रहाच्या पाच गॅस काउंटरांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे ०.६५ चौरस मीटर होतं. क्यूपीओ, म्हणजे अर्धनियमित स्पंदनांचा ठळकपणा तेजस्वी स्रोतात फोटॉनांच्या दराच्या सरळ प्रमाणात वाढतो, निरीक्षणाच्या वेळेच्या मात्र फक्त वर्गमुळात. बारापट क्षेत्रफळाने जे मिळतं, ते वेळ वाढवून मिळवायचं तर दीडशेपट निरीक्षण लागेल. तोवर क्यूपीओची वारंवारिता जागेवर राहते थोडीच!

तिरपा आरसा
असहमत. तुमचं सूत्र पार्श्वभूमी, म्हणजे स्रोत सोडून इतर कण-किरणांची नोंद, नगण्य धरतं. क्ष-किरणांत तेजाचं माप म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्रॅब तेजोमेघाकडून ८ चौरस मीटरला सेकंदाला अडीच लाखांच्या आसपास फोटॉन येतील. पार्श्वभूमी त्याच्या १ टक्का धरली तरी अडीच हजार झाली, आणि तिचा अंदाज १ टक्क्याने चुकला की २५ फोटॉनांची चूक. क्रॅबच्या हजारांश तेजाचा स्रोत देतो २५०. म्हणजे मोजमापात दहा टक्के घोळ, आणि तो जास्त वेळ बघितल्याने कमी होत नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेल्या नासाच्या नायसर दुर्बिणीने हे कसं सोडवलं बघा. ५६ छोटे संकेंद्रक, प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याची २४ कवचं, नाभीय अंतर जेमतेम एक मीटर. प्रतिमा नाहीच, फक्त फोटॉन गोळा करून २ मिलिमीटरच्या तोंडाच्या डिटेक्टरवर टाकायचे. डिटेक्टर चिमुकला, म्हणून कणांची पार्श्वभूमीही चिमुकली. ‘आरसा म्हणजे प्रतिमा’ हे समीकरणच चुकीचं आहे.

दुसरं, जे००३०+०४५१ या पल्सारचे (स्पंदनं देणाऱ्या, फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याचे) तापलेले ठिपके सुमारे दहा लाख केल्विनचे. त्यांचं उत्सर्जन बहुतेक २ केईव्हीच्या खाली. नायसरला तिथून सेकंदाला एक फोटॉनही येत नव्हता, तरी १९ लाख सेकंदांच्या निरीक्षणातून २०१९ मध्ये १३ किलोमीटरच्या आसपास त्रिज्या निघाली. तुमच्या यंत्राला हा तारा दिसणारच नाही.

मोजपट्टी
जे००३० चा मुद्दा मान्य, तो माझा स्रोत नाही. माझा स्रोत एसएएक्स जे१८०८ हा न्यूट्रॉन तारा: सेकंदाला ४०१ फेऱ्या, साथीदाराचं वायुद्रव्य ओढणारा, उद्रेकात तेजस्वी, १० केईव्हीच्या वरही स्पंदनं. शिवाय लोहाची ६.४ केईव्हीची रेषा घ्या. तिरप्या परावर्तनात ऊर्जा वाढली की चालणारा कोन घटतो. सहा केईव्हीला तो अंशाच्याही आत, म्हणून तिथे नायसरचं क्षेत्रफळ कोसळतं. त्या पट्ट्यात क्षेत्रफळ हवं तर नाभीय अंतर लांबवा: नासाच्या नूस्टार या क्ष-किरण दुर्बिणीला १० मीटरचा दांडा उघडावा लागला, आणि उन्हा-सावलीत तो किती वाकतो ते लेझरने सतत मोजावं लागतं.

पार्श्वभूमीवर उपाय आहे. काही डिटेक्टरांवर छिद्रं नसलेली शिसे-काच बसवायची. स्रोत बघतानाच कणांची पार्श्वभूमी शेजारी मोजली जाते. आरएक्सटीईला ती गणिती मॉडेलवर सोडावी लागली होती.

गारठा
दोघांनाही कागदावर सगळं सोपं दिसतंय. मोजपट्टी, तुमचे ‘३० केईव्हीपर्यंत’ जरा तपासू. ४५० मायक्रॉन सिलिकॉन १० केईव्हीला जवळपास सगळे फोटॉन अडवतं, २० ला तिसरा हिस्सा, ३० ला आठवा. तुमचे ८ चौरस मीटर २० ला पावणेतीन आणि ३० ला एक उरतात. कोलिमेटरच्या भिंती खातात ते वेगळंच.

त्याहून त्रासदायक म्हणजे रोख. १ अंशाच्या कोलिमेटरचा प्रतिसाद त्रिकोणी असतो: शिखरावरून १ कलेने (अंशाच्या साठाव्या भागाने) सरकलात की १.७ टक्के फोटॉन गेले. उपग्रह कलाभर डोलला तर तो डोल थेट प्रकाशवक्रात उतरतो आणि कमी वारंवारितेचा क्यूपीओ म्हणून मिरवतो! उपाय म्हणजे मॉड्यूल मुद्दाम किंचित वेगवेगळ्या दिशांना रोखून शिखर सपाट करायचं. पण मग क्षेत्रफळ घटतं, आणि ८ चौरस मीटर हा आकडा लिहिताना हे कोणी वजा केलेलं नसतं.

डिटेक्टर थंडही हवेत. कक्षेतल्या प्रोटॉनांनी सिलिकॉनचा गळती-प्रवाह वाढतो आणि ऊर्जेची अचूकता ढासळते. शून्याखाली ठेवलं तर तो आटोक्यात राहतो. पण ८ चौरस मीटरचे पत्रे थंड ठेवायचे तर सूर्याकडे पाठ करण्याचे कोन मर्यादित, आणि नेमका उद्रेक झालेला स्रोत त्या कोनाबाहेर असतो. कक्षा विषुववृत्ताजवळची, साडेपाचशे-सहाशे किलोमीटरची घ्या, म्हणजे दक्षिण अटलांटिकवरचा किरणोत्सारी पट्टा बराच टळेल.

अवांतर: नायसरची पातळ आवरणं फाटली तेव्हा दिवसाच्या उजेडाने मोजमाप बिघडलं होतं. २०२५ च्या जानेवारीत अंतराळवीरांनी बाहेर जाऊन ठिगळं लावली. स्वतंत्र उपग्रहाला ठिगळ लावायला कोण जाणार?

तिरपा आरसा
झाकलेल्या डिटेक्टरांची युक्ती चांगली, पण ती फक्त कण मोजते. आकाशगंगेच्या फुगवट्याकडे बघाल तेव्हा १ अंशात शेजारचा द्वैती तारा आणि आकाशगंगेच्या पट्ट्याची चमक येते, ती झाकणाखाली कशी मोजणार?

मोजपट्टी
नाही मोजता येणार. त्यासाठी सोबत कोडेड मास्कची (छिद्रांच्या नक्षीच्या सावलीवरून स्रोताची जागा ओळखणारी) विस्तृत दृष्टीची छोटी यंत्रणा लागेल, शेजारी कोण जागं झालंय ते सांगायला. तिचं वजन धरून ८ चे ६ चौरस मीटर करायला तयार आहे. ६.४ केईव्हीला तेवढं क्षेत्रफळ देणाऱ्या आरशांचं वजन तुम्ही मांडा, मग तुलना करू.