विषय : डिसेंबरात बेळगाव, पाण्याच्या वाटेनं हिंडायचंय

प्रेषक : टिळकवाडीची लेक, रोचेस्टर

नमस्कार मंडळी,

सहा वर्षांनी बेळगावला चाललोय, डिसेंबरात, तीन आठवडे. लेक तेरा वर्षांची, मुलगा नऊचा. गेल्या जुलैत दोघांना लॉकपोर्टला ईरी कालव्यात नावेतून फिरवून आणलं. मागचं दार बंद झालं, खालून पाणी भरत आलं आणि दोन टप्प्यांत नाव जवळजवळ ५० फूट वर चढली. तेव्हापासून मुलाला कालव्यांचं वेड लागलंय. १८२५ साली ३६३ मैलांचा कालवा पुरा झाला, तोही फावडी, बैल आणि घोड्यांच्या जोरावर, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

परवा जेवताना त्यानं विचारलं, "आई, तुझ्या बेळगावात कॅनॉल आहे?" मी म्हटलं, आहे. पुढं मला काहीच सांगता येईना. सातवीत गोकाकला सहल गेली होती. वाऱ्यानं छत्री उलटी झाली आणि डब्यातल्या चपात्या तुषारांनी भिजल्या, एवढंच आठवतं. किल्ल्यावरून रोज शाळेला गेले, पण खंदक कशासाठी आहे हे कधी कोणाला विचारलं नाही.

सासरची मंडळी म्हणतात, बेळगावात बघण्यासारखं काय आहे, दोन दिवस राहा आणि गोव्याला उतरा. ते फार मनाला लागलंय. मला चार दिवस काढून मुलांना आपल्याकडचं पाणी दाखवायचंय : तळी, धरणं, कालवे, धबधबा आणि वाटेवरची जुनी देवळं. बाबाही सोबत असतील. त्यांना ७६ वर्षं झालीत, गुडघे दुखतात, पायऱ्या फार नकोत. कुठून सुरुवात करू?

*

प्रेषक : हुक्केरीकडचे काका, बफेलो

बाळ,

तुझ्या मुलानं विचारलेला प्रश्न वाचून मी अर्धा तास खिडकीपाशी बसून होतो. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि माझं लहानपण धुपदाळच्या क्वार्टर्समध्ये गेलं. कालवा आहे का, म्हणतोस? बाळा, आमचं घरच कालव्याच्या काठावर होतं.

आधी त्याला हे समजावून सांग. ईरी कालवा माल वाहायला खणला, म्हणून त्यात नाव वर-खाली करायची दारं लागली. आपला घटप्रभेचा डावा कालवा शेतासाठी आहे. त्यात नाव चालत नाही, पाणी नुसत्या उतारानं जातं, आणि उतार इतका कमी की डोळ्यांना कळतही नाही. धुपदाळला इंग्रजांनी नदीवर दगडी बंधारा घातला, १८९७ साली तो पुरा झाला आणि तिथून कालवा काढला. धुपदाळच का? कारण ते गोकाकच्या धबधब्याच्या वर आहे. नदी पुढं जाऊन कड्यावरून खाली उडी घेते. कालवा मात्र वरच्या वरच, टेकडीच्या कडेकडेनं, आपली उंची न सोडता चालत राहतो. म्हणून तर तो लांबच्या रानाला पाणी पोचवू शकतो. लॉकपोर्टला तुमची नाव जो कडा चढली, त्याच कड्यावरून नायगारा खाली पडतो. तिकडे कालवा कडा चढतो, इकडे तो कड्यावरून उतरतच नाही. हे दोन्ही नकाशे मुलापुढं शेजारी-शेजारी ठेव, नऊ वर्षांच्या पोराला नक्की कळेल.

आम्ही पोरं पाण्याची पाळी, म्हणजे शेतासाठी ठरलेल्या दिवशी सोडायचं कालव्याचं पाणी, सुटायची वाट बघायचो. कालवा कोरडा असताना वर दार उचललं की पाणी एकदम येत नाही. आधी पाचोळा येतो. पाण्याच्या तोंडाशी फेस, काटक्या, वाळकी पानं, कधी एखादा विंचू, असा सगळा गबाळ गोळा होऊन माणसाच्या चालीनं पुढं सरकत येतो, आणि भेगाळलेल्या मातीत पाणी मुरताना बारीक चर्र आवाज होतो. आम्ही त्याच्या पुढं पुढं कालव्याच्या तळातून चालत जायचो, घरून हाक येईपर्यंत. (तुझ्या मुलांना हे करू देऊ नकोस. आम्हालाही मार बसायचा.)

तर माझा सल्ला असा : ठिकाणं वेचत हिंडू नका, एक नदी धरा. घटप्रभा घ्या. ती चंदगडाकडून खाली येते. पहिला मुक्काम हिडकल. महामार्गानं हत्तरगीपर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. धरणाला वंटमुरीच्या राजा लखमगौडांचं नाव आहे, साठा ५१ टीएमसीच्या, म्हणजे ५१ अब्ज घनफुटांच्या घरात. डिसेंबरात पाणी भरपूर असतं. तिथून धुपदाळ. बंधाऱ्यामागच्या पसरट पाण्यावर थंडीत पाहुणे पक्षी उतरतात, करकोचे येतात, म्हणून तो भाग पक्षी अभयारण्य केलाय. पहाटे जा, दुर्बीण न्या. मग गोकाक.

गोकाकचं खरं सांगतो, म्हणजे मुलांची निराशा व्हायची नाही. धबधब्याची उंची साधारण ५२ मीटर. नायगाराचा हॉर्सशू ५७ मीटरचा, म्हणजे उंचीत फार फरक नाही. कड्याचा आकारही तसाच, घोड्याच्या नालासारखा, म्हणूनच आपल्याकडं त्याला छोटा नायगारा म्हणतात. पण त्याचं खरं रूप जुलै ते सप्टेंबरात. पुरात पाण्याची रुंदी १७७ मीटर होते आणि रंग गढूळ चहासारखा. डिसेंबरात चारदोन धारा उरतात. मात्र पावसाळ्यात न दिसणारा दगड तेव्हा दिसतो : थरावर थर, कुऱ्हाडीनं तोडल्यासारखा सरळ. काठावर चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत, त्यातलं महालिंगेश्वराचं कड्याच्या अगदी जवळ. बाबांना तिथं बसवता येईल. झुलता पूल सुमारे २०० मीटर लांब आहे, पण लोकांना सोडतात की नाही ते तिथं गेल्यावर विचारा, आणि सोडत नसतील तर हट्ट करू नका. ह्याच पाण्याच्या जोरावर १८८० च्या दशकात तिथं सूतगिरणी उभी राहिली. मुलाला तेही दाखव.

आता हिडकलचं राहिलं. माझ्या आत्याचं घर त्या पाण्याखाली आहे. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळही त्याच पाण्यात गेलं. उन्हाळ्यात साठा उतरला की ते देऊळ वर येतं. आधी शिखर, मग मंडप, आणि मग लोक चिखल तुडवत दर्शनाला जातात. आत्या हातीपायी धड होती तोवर दर उन्हाळ्यात जायची. विठ्ठलाला हात लावून यायची आणि घराचं जोतं दिसतंय का बघायची. डिसेंबरात ह्यातलं काहीही दिसणार नाही. तरी काठावर पाच मिनिटं उभी राहा आणि मुलांना सांग, की खाली गावं आहेत.

*

प्रेषक : शहापूरची मावशी, सध्या मुक्काम बेळगाव

अगं, काकांनी तुला थेट हिडकलला नेलं, आणि घरातलं पाणी कोण बघणार? गाव सोडायच्या आधी एक पुरा दिवस बेळगावातच काढ की.

सकाळी किल्ला. रट्ट राजांच्या काळातला, १२०४ च्या सुमाराचा. भोवतीचा खंदक नीट बघायला सांग पोरांना. शेजारचा किल्ला तलाव आहेच, संध्याकाळी बाबांना बाकावर बसायला बरा. आत कमल बस्ती, म्हणजे जैनांचं देऊळ. चप्पल बाहेर काढ, डोळे मिटून दोन पावलं आत जा, मग मान वर कर. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतंय, ७२ पाकळ्यांचं, आणि पाकळ्यांवर तीर्थंकर कोरलेत : मागचे चोवीस, आताचे चोवीस, पुढचे चोवीस. खांब इतके घासून गुळगुळीत केलेत की त्यात आपलं तोंड दिसतं. गाभाऱ्यात नेमिनाथ. मी परवाच भाचीला घेऊन गेले होते. ती खांबापाशी जाऊन केस सारखे करत बसली, आणि पुजाऱ्यांनी काही न बोलता दिवा जरा जवळ धरला.

किल्ल्यातच सफा मशीद आहे, आणि स्वामी विवेकानंद १८९२ साली बेळगावला आले होते त्यांच्या आठवणीचा आश्रमही. लष्कराचा भाग आहे, फोटो विचारून काढ.

दुपारी टिळकवाडी, म्हणजे तुझीच. काँग्रेस विहीर बघितलीस कधी? रोज तिच्यावरून गेली असशील. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं. गांधीजींनी आयुष्यात अध्यक्षपद घेतलं ते एवढ्या एका अधिवेशनाचं. इतक्या माणसांना पाणी कुठलं, म्हणून ती विहीर खणली. पाणी बघायला निघालीस ना? मग हे पहिलं.

संध्याकाळी कपिलेश्वर. तळ्याच्या पायऱ्यांवर टेकायला जागा आहे, बाबांना उतरवू नकोस. आपल्या गणपतीचं विसर्जन इथंच होतं हे पोरांना सांग. मग शहापुरात ये माझ्याकडं. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांकडं, मधे नुसता रस्ता. जेवायला मांडे करते. कुंदा बाहेरून आणू नकोस, घरी केलाय.

आणि एक. रस्त्यावरच्या पाट्या कन्नडमधे असतात. पोरांना चार शब्द शिकवून आण. केरे म्हणजे तळं, नीरू म्हणजे पाणी, होळे म्हणजे नदी. पाटी वाचता आली नाही तरी वाटेत कोणाला विचारता येतं, आणि विचारलं की माणसं गाडीबरोबर चालत येऊन वाट दाखवतात.

*

प्रेषक : खानापूरचा, इथाका

नमस्कार,

काकांबद्दल आदर आहे, पण एकच नदी धरायची तर मलप्रभा का नको? कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी तिचा उगम. उगम म्हणजे डोंगरातून कोसळणारं काही नव्हे, देवळाजवळ शांत पाणी. खाली हब्बनहट्टीला नदीच्या पात्रातच मारुती आहे, पुरात तो पाण्याखाली जातो. पुढं असोग्याला रामलिंगेश्वर, तिथं नदी दगडांतून वाट काढते. मुलांना पाय सोडून बसता येतं.

हलशी तर चुकवूच नका. कदंबांची ती एकेकाळची राजधानी, जुनं नाव पलाशिका. आज ऊस आणि भाताच्या मधे वसलेलं लहान गाव आहे, आणि गावात भूवराह नरसिंहाचं एवढं मोठं देऊळ! वराहमूर्ती गाभाऱ्यात आहे, अंधारात डोळे स्थिरावले की तिच्या दातांवरची पृथ्वी दिसते. देऊळ सपाटीला, बाबांना त्रास नाही. कित्तूरजवळ देगावचं कमलनारायणाचं देऊळ गोव्याच्या कदंबांची राणी कमलादेवी हिनं बांधवलं, बाराव्या शतकात. तेरा वर्षांच्या मुलीला हे आवर्जून सांग. तिथून कित्तूर लागूनच आहे. १८२४ च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्मानं इंग्रजांना तिथंच हरवलं.

जमलं तर पुढं सौंदत्तीकडं नविलुतीर्थाचं धरणही करा. नविलू म्हणजे मोर. नदी तिथं डोंगराच्या खिंडीतून निघते आणि जलाशयाला रेणुकेचं नाव आहे.

*

प्रेषक : हुक्केरीकडचे काका

हलशीला माझं अनुमोदन. नविलुतीर्थाला नाही, चार दिवसांत तर नाहीच. कणकुंबी पश्चिमेला, सौंदत्ती पूर्वेला, मधे सगळा जिल्हा. बाबांचे गुडघे गाडीत बसून आखडतील आणि मुलं झोपून जातील. मी एकदा पाहुण्यांना असंच एका दिवसात सगळं दाखवायला नेलं होतं. संध्याकाळी त्यांना देगाव कुठलं आणि हलशी कुठलं तेच आठवेना. मलप्रभेला वेगळी खेप ठेव.

गोकाकला करदंट घे. डिंक, गूळ, सुका मेवा. बाबांना चावेल एवढा मऊ मिळतो का बघ. तिथले लाकडी रंगीत खेळण्याचे कारागीरही जुने आहेत. फळं अशी करतात की पोरं खायला जातात.

*

प्रेषक : टिळकवाडीची लेक

काका, मावशी, सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं : एक दिवस बेळगाव, एक हलशी आणि देगाव, दोन दिवस घटप्रभा, मधली रात्र गोकाकला, म्हणजे पहाटे धुपदाळला पोचता येईल. गोवा रद्द. घरी सांगून टाकलंय.

बाबांना फोनवर तुमची मेल वाचून दाखवली, काका. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, धरणाचं काम चालू असताना ते एकदा हुक्केरीच्या बाजारात आले होते, तेव्हा लोक घराच्या चौकटी-दारं बैलगाडीत घालून नेताना त्यांनी बघितलं होतं. हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं.

मुलानं धुपदाळ आणि लॉकपोर्टचे नकाशे शेजारी लावून दोन्हीकडचे कडे लाल पेन्सिलीनं गिरवलेत. एकच विचारायचं राहिलं. आत्यांचं गाव धरणावरून कोणत्या बाजूला येतं? बाबा म्हणतात, तिकडं तोंड करून उभं राहायचंय.

*

प्रेषक : हुक्केरीकडचे काका

बांधाकडं पाठ करून मावळतीला तोंड कर. समोरचं पाणी जिथं दोन टेकड्यांच्या मधे अरुंद होतं, त्याच्या अलीकडं उजव्या हाताला. सकाळीच जा, दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं आणि काही दिसत नाही. बाबांसाठी घडीची खुर्ची गाडीत ठेव.