गावबंदीची एकांकिका वगळून बाकीच्या तीन करायच्या का?

कातळसडा

आधी प्रकरण सांगतो, मग भांडू.

दापोलीकडचं एक हौशी नाट्यमंडळ टाळेबंदीच्या दिवसांवर चार छोट्या एकांकिका घेऊन गावोगाव फिरतंय. दोन शिक्षक, पोस्टातले एक गृहस्थ, एक बागायतदार, कॉलेजच्या दोन मुली, बस्स. सगळं नेपथ्य टेम्पोच्या अर्ध्या हौद्यात मावतं. पहिली एकांकिका हापूसची : ऐन मार्चअखेरीला पेट्या भरून तयार आणि गाड्या बंद. दुसरी मोबाईलच्या रेंजसाठी डोंगर चढणाऱ्या शाळकरी मुलांची. चौथी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची. दोन महिने एकमेकांपासून लांब राहिलेली चार घरं, कौलं उडाल्यावर रात्रभर एकाच पडवीत. त्यात विनोद चांगले आहेत.

तिसरी गावबंदीची, आणि वाद तिच्यावरून आहे. मुंबईहून आलेला मुलगा गावच्या मराठी शाळेत चौदा दिवस ठेवलेला. त्याचं घर शाळेच्या मागच्याच आळीत. आई रोज डबा आणते, मधल्या बाकावर ठेवते, मागे सरते, मग तो पुढे येऊन उचलतो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी येऊन तो बाक हातभर लांब सरकवतो. तिसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी. सरकवणारे सगळे ओळखीचे, सभ्य. एक जण तर मुलाला तब्येत विचारतो आणि विचारता विचारताच बाक ओढतो. संवाद फार नाहीत. शेवटच्या दिवशी आई येते, डबा ठेवण्याआधी इकडेतिकडे बघते आणि स्वतःच बाक सरकवते. संपलं.

मी पाहिली तेव्हा शेजारचे गृहस्थ "आमच्याकडे असलं काही नव्हतं" असं दोनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर माझा विश्वास बसला असता.

आता शेजारच्या गावात उत्सवात प्रयोग ठरलाय. तिथल्या उत्सव मंडळाचा निरोप आला : तीनच करा, ती बाकाची नको. आणि आपलं नाट्यमंडळ कबूल झालंय! माझं मत स्पष्ट आहे. ती काढायची असेल तर बाकीच्या तीनही करू नयेत. आंबे, रेंज, वादळ या तिन्हींत दोष नशिबाचा, सरकारचा नाहीतर वाऱ्याचा. आपला वाटा फक्त तिसरीत आहे, आणि तीच नको म्हणे. मुंबईच्या व्यावसायिक नाटकाला हे जमणार नाही, कारण तिथे बाक सरकवणारे प्रेक्षकांत नसतात. इथे ते पहिल्या रांगेत असतात. हौशी नाटकाकडे ही एवढीच ताकद आहे, तीही निरोप आल्याबरोबर खाली ठेवायची?

रातांबा

उत्सव त्यांचा, मांडव त्यांचा, वर्गणी त्यांची. पाहुण्याने काय वाढायचं ते यजमान ठरवतो. हे झालं रीतीचं.

आता खरं बोलू. गावबंदी चूकच होती असं धरून तुम्ही चाललाय. त्या एप्रिल-मे महिन्यात गावात कोण होतं? साठी-सत्तरीची माणसं. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक डॉक्टर, तोही तीन उपकेंद्रं सांभाळणारा. व्हेंटिलेटर म्हणजे रत्नागिरी गाठा. आणि मुंबईत काय चाललं होतं ते सगळे टीव्हीवर बघत होते. चौदा दिवसांचा नियम गावाने घरी बसून शोधला नव्हता, वरून आला होता. आपला बाप वाचावा म्हणून कुणी बाक सरकवला असेल तर पाच वर्षांनी त्याला दिव्याखाली उभा करून तुम्ही काय मिळवणार? ज्यांची माणसं तेव्हा वाचली ते प्रेक्षकांत गप्प बसतात, ती वाचलेली माणसं कधी एकांकिकेत येत नाहीत.

विंगेतून

मी त्याच नाट्यमंडळातला. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.

कबूल का झालो ते ऐका. बाक सरकवणाऱ्यांपैकी एक जण जो काम करतो, त्याचे वडील तेव्हा त्याच शेजारच्या गावच्या ग्राम कृती दलात, म्हणजे कोरोनासाठी नेमलेल्या गावसमितीत, होते. मुलगा आमच्या गावात करतो ते काम, तिथे वडिलांसमोर करायला तयार नाही. त्याला मी काय सांगू, कलेसाठी कर? बदली माणूस शोधायचा तर तालमी कधी घेणार? दोघींना शेवटच्या एसटीने घरी जायचं असतं, त्यामुळे आमची तालीम साडेआठला आटपते.

शिवाय उत्सवाची सुपारी गेली की टेम्पो आणि लाइटचा खर्च खिशातून जातो. हे इथे कुणी बोलत नाही म्हणून बोललो. वगळली म्हणजे मेली असं नाही. दुसरीकडे करूच.

कातळसडा

मुलाची अडचण मला पटते. पण ती तुम्ही उत्सव मंडळाला सांगितलीत का? नाही. तुम्ही 'बरं' म्हणालात. यातला फरक तुम्हालाही कळतो.

रातांबा, ती एकांकिका गावबंदी चूक होती असं कुठे म्हणते? त्यात खलनायक एकही नाही. भीती खरी होती म्हणूनच बघवत नाही. आणि हे काही आपल्या पिढीने पहिल्यांदा केलेलं नाही. १८९६-९७ च्या मुंबईतल्या प्लेगात गिरण्यांतली माणसं अशीच कोकणात परतली होती. तेव्हाच्या त्याच १८९७ च्या साथरोग कायद्यावर २०२० साली राज्याने पुन्हा बोट ठेवलं. त्या वेळी गावांनी त्यांना कसं घेतलं याची एक ओळ तुमच्या-माझ्या घरात कुणी सांगितली आहे? मला तर नाही. अशा गोष्टी कुणी जपून ठेवत नाही, म्हणून कुणीतरी करून दाखवाव्या लागतात.

परळ_ते_पावस

चाकरमानी बोलतोय. मीही त्या शाळेतला आहे म्हणा, फक्त शाळा वेगळी.

माझी बाजू तुम्हाला आवडणार नाही, कातळसडा. मला ती एकांकिका नकोय. २०२० चे गणपती २२ ऑगस्टला होते. आधी ई-पासची बोंब, मग एसटीला पास नको झाला. एका गाडीत बावीस जण, चौदाचे दहा दिवस झाले आणि १२ ऑगस्टनंतर निघालात तर चाचणी करून या. एवढं सगळं करून मी गेलो, कारण घरचा गणपती माझ्या हातून बसतो. त्या दहा दिवसांत माझ्याशी कोण कसं वागलं ते मला पाठ आहे. पण मी त्या लोकांबरोबर नंतर पाच शिमगे नाचलोय. आता तुम्ही मला बाकावर बसवणार, लोक हळहळणार, टाळ्या वाजणार आणि पुढल्या मे महिन्यात वाडीतले माझ्याकडे बघून "बिचारा" म्हणणार. मला बिचारा व्हायचं नाही.

आणि नाटकात आमची बाजू कुठे आहे? दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण, सार्वजनिक संडास, हातचं काम गेलेलं, म्हणून माणसं निघाली. काही रात्री आडवाटेने शिरले, काहींनी ताप लपवला, तेही झालं. तुमचा तो मुलगा मात्र गरीब गाईसारखा डबा खातो. आमच्यातला असा गरीब माणूस मला तरी भेटलेला नाही.

उकडाभात

वरचं वाचून हसलो, पण शेवटचा मुद्दा पक्का आहे.

मी चारही पाहिल्यात. तिसरी सोडून बाकीच्या तीन सामान्य आहेत, हे कुणीतरी बोलायला हवं. दर दोन मिनिटांनी ब्लॅकआउट, त्यात बासरी. हापूसच्या एकांकिकेत बागायतदार फोनवर दहा मिनिटं एकटाच बोलतो, पलीकडचा काय म्हणतो ते सगळं त्यानेच मोठ्याने परत म्हणायचं. "काय म्हणता? वाशीला गाडी घेत नाहीत?" अहो, त्या हंगामात बागायतदारांनी पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पोचवल्या, गट करून ऑर्डरी घेतल्या, दलालाशिवाय धंदा करून पाहिला. केवढं नाट्य त्यात! आणि हे फोनवर रडतात. निसर्गच्या एकांकिकेतही आडव्या झालेल्या सुपारीच्या बागांवर एक वाक्य नाही. मुरूड-आंजर्ल्याकडे विचारा, पोफळ पुन्हा धरायला किती वर्षं जातात ते.

थिएटरं ५ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुढच्या वसंतात परत बंद, मग २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा निम्म्यावर. त्यानंतर मी ज्या ज्या एकांकिका स्पर्धेला बसलो, तिथे पीपीई किट घातलेलं एक तरी पात्र आलंच. विषय मोठा म्हणून नाटक मोठं होत नाही. बाकाच्या एकांकिकेत किट नाही, बातम्यांचा आवाज नाही, थाळ्या नाहीत, म्हणून ती लागते. ती काढलीत तर उरतं ते न केलं तरी चालेल असं आहे. माझं मत कातळसड्याच्याच बाजूला, पण कारण वेगळं.

धयकालो

आमच्या हयसर दशावतारात ह्या सगळा कवाच होवन गेला. संकासुर येता, वेद चोरूचे सोडून सरपंचाचो मास्क चोरता, नि फुडच्या खुर्चेत बसलेलो सरपंचच सगळ्यांत मोठ्यान हसता. कोणी निरोप धाडूक नाय, कोणी कापूक सांगूक नाय. आमचा नाटक लिवलेलाच नसता, कापतलास काय? २०२० च्या मार्चात ऐन हंगाम मोडलो, पेटारे माळ्यार गेले, दिवाळीनंतर काडले तर भरजरी कपड्यांका बुरशी. तेच्यार खय कोणी एकांकिका केल्यानी? माजा म्हणणा इतक्याच, बोलूचा आसा तर सोंग घेवन बोला.

कातळसडा

धयकालो, संकासुराला मान आहेच. पण हसलं की सरपंच मोकळा होतो. बाकावर त्याला तसं मोकळं होता येत नाही, हीच तर अडचण.

रातांबा

म्हणजे तुम्हाला लोकांना अडकवायचंच आहे. मान्य केलंत, बरं झालं.

पाणंद_सात

मी आशा सेविका आहे. चारही एकांकिकांत आशा नाही. थर्मल गन घेऊन दारोदार फिरणारं पात्र लिहायला काय अवघड होतं? तेव्हा महिन्याला १००० रुपये जादा भत्ता, आणि दोन्हीकडून शिव्या. मुंबईहून आलेले म्हणत, तुम्ही नाव लिहिलंत म्हणून आम्हाला शाळेत टाकलं. गावातले म्हणत, अमक्याचं नाव का नाही लिहिलंत. माझ्याच घरात सासूबाई मला मागच्या दाराने घेत, आंघोळीचं पाणी अंगणात काढून ठेवत. ते मला तेव्हाही बरोबरच वाटलं होतं.

परळवाल्या भाऊंना सांगते, बिचारं कुणीच नव्हतं. आमच्या शाळेत ठेवलेल्यांनी तिसऱ्या दिवशीच पत्ते मागवले, पाचव्या दिवशी कोंबडीवरून भांडले आणि जाताना शाळेचं अंगण सारवून गेले, दोन खोल्यांना चुना मारून गेले. नाटकवाल्यांनी हे घ्यावं. मग ते बघायला उत्सव मंडळही येईल, आणि बाक सरकला तरी बघतील.

विंगेतून

ताई, पत्ते आणि चुना आम्ही घेतो, खरंच. आशाचं पात्र कोण करणार हा प्रश्न राहतोच. तुम्ही कराल का?

बाकी, परवा आमची बैठक आहे. मी असं मांडणार : मुलाची अडचण उत्सव मंडळाला खरी सांगायची, आणि तिसरी एकांकिका सगळ्यात शेवटी, बक्षीस समारंभानंतर ठेवू का असं विचारायचं. ज्याला थांबायचं तो थांबेल. ते नाही म्हणाले तर तिथला प्रयोगच करू नये, यावर आमच्यात सध्या तीन विरुद्ध तीन आहे.

रातांबा

शेवटी ठेवलीत तर झाडून सगळे थांबतील, हे त्यांनाही कळतं. विचारा जरूर. पण मंडळाच्या अध्यक्षाला एकट्याला विचारू नका. त्या शाळेत तेव्हा जे कोण होते त्यांतल्या दोघांना तरी आधी विचारा. ते हो म्हणाले तर माझं काही म्हणणं नाही, खुर्च्या लावायला मी येतो.

परळ_ते_पावस

आणि ते नाही म्हणाले तर?

कातळसडा

तर मी त्यांच्याशी भांडेन. पण त्यांच्या घरी जाऊन, इथे नाही.

पाणंद_सात

मी करीन. पण तालीम आठच्या आत संपवा, मला दुसऱ्या दिवशी पोलिओची फेरी असते.