देशादेशांचं इंग्रजी मोजायचं कसं? मदत हवी आहे

मंडळी, भाचीला कॉलेजात प्रेझेंटेशन आहे, कुठल्या देशात इंग्रजी किती चांगलं येतं यावर, आणि मामा म्हणून मी उगाच हो म्हणून बसलोय. पहिल्यांदा ईएफ या भाषा शिकवणाऱ्या कंपनीची रँकिंग सापडली, २०११ पासून काढतात, नेदरलँड्स बऱ्याचदा पहिला. पण ती टेस्ट ऑनलाइन आणि फुकट, ज्याला वाटेल तो देतो, म्हणजे ज्याच्याकडे नेट आहे आणि इंग्रजीची हौस आहे तोच देणार ना? मग तो अख्ख्या देशाचा नंबर कसा धरायचा? टोफेल (परदेशी शिकायला जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा) च्या सरासरीचंही तेच, परीक्षा घेणारेच म्हणतात की यावरून देशांची तुलना करू नका.

दुसरीकडे युरोपात २०१२ च्या सर्व्हेत लोकांनाच विचारलेलं, तिथे नेदरलँड्समध्ये ९० टक्के म्हणाले येतं. आपल्या २०११ च्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषावाले जेमतेम २.६ लाख, पण दुसरी भाषा म्हणून सांगणारे ८ कोटींच्या वर! आता ‘येतं’ म्हणजे नेमकं काय, साहेबाशी भांडता येतं की नुसता फॉर्म भरता येतो (मला फॉर्मपण धड नाही येत), ते कोण ठरवणार.

रँडम सॅम्पल घेऊन खरंच टेस्ट केलेला, बरेच देश असलेला डेटा कुणाला माहितीये का? शाळेतल्या मुलांचा असला तरी चालेल. शुक्रवारपर्यंत पाहिजे, प्लीज.