मदत हवी आहे: रोमला उतरून त्याच दिवशी फ्लॉरेन्स गाठावे का? (सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा)

नमस्कार. येत्या सप्टेंबरच्या अखेरीस मी आई-बाबांना घेऊन दहा दिवस इटलीला जाणार आहे. बाबा ७४ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे आणि आईचे गुडघे दुखतात. बाकीचा कार्यक्रम ठरत आला आहे, पण पहिल्या दिवसापाशी माझे घोडे अडले आहे.

मुंबईहून पहाटे साडेचारला निघून, आखातात विमान बदलून, आम्ही दुपारी दीड वाजता रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर उतरू. परतीचे विमानही रोमहूनच आहे. त्यामुळे आधी फ्लॉरेन्स आणि शेवटचे चार दिवस रोम असे केले, तर एकदा हॉटेल बदलणे वाचते. विमानतळावरून टर्मिनी स्थानकापर्यंत लिओनार्दो एक्सप्रेसने ३२ मिनिटे आणि तिथून वेगवान गाडीने साधारण दीड तास, म्हणजे कागदावर हे सहज जमण्यासारखे दिसते. परंतु ठाण्याच्या घरातून आम्ही मध्यरात्रीच निघणार. त्या दिवसांत इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणून फ्लॉरेन्सला संध्याकाळी साडेसहाला पोचलो, तरी आई-बाबांच्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे दहा वाजलेले असतील आणि घर सोडून बावीस तास झालेले असतील.

माझी भीती अनुभवातून आलेली आहे. २०१८ मध्ये सासूबाईंना घेऊन आम्ही रोमला सकाळी सातला उतरलो होतो आणि हॉटेलची खोली दुपारी तीनशिवाय मिळणार नव्हती. स्थानकापासून हॉटेल जवळ आहे म्हणून चालत निघालो, तर त्या काळ्या चौकोनी दगडांच्या रस्त्यावर मोठ्या बॅगेचे एक चाक फटीत अडकून निखळले आणि पुढचा सगळा रस्ता माझ्या नवऱ्याने ती उचलून नेली. सामान हॉटेलात ठेवून आम्ही सांता मारिया माज्जोरे या भव्य चर्चमध्ये शिरलो. डोक्यावर सोन्याने मढवलेले छत होते, पण सासूबाई बाकावर बसल्या आणि पर्स छातीशी धरून तिथेच झोपी गेल्या. त्यांनी तक्रारीचा शब्दही काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पाय इतके सुजले होते की कोलोसियम त्यांनी बाहेरच्या कठड्यावर बसूनच पाहिले. ते मला अजून लागून राहिले आहे, आणि आई-बाबांच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नाही.

म्हणून विचारते: एवढ्या प्रवासानंतर ज्येष्ठांना घेऊन कोणी त्याच दिवशी फ्लॉरेन्सला गेले आहे का, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची अवस्था कशी होती? विमानतळावरून थेट फ्लॉरेन्सला जाणाऱ्या मोजक्या गाड्याही आहेत. त्यामुळे टर्मिनीतली चालाचाल टळेल, पण स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरते असते आणि विमानाला उशीर झाला किंवा पासपोर्ट तपासणीची रांग लांबली, तर ते वाया जाते. मागच्या वेळी त्या रांगेत आमचा तासाहून अधिक वेळ गेला होता. अशा वेळी उतरल्यापासून किती तासांनंतरची गाडी धरावी? की जादा खर्च सोसून पहिली रात्र रोममध्येच काढणे शहाणपणाचे?

विमानतळावर चाकाच्या खुर्चीसाठी विमान कंपनीला आधीच कळवणार आहे. रेल्वे स्थानकांवर ‘साला ब्लू’ नावाची मोफत मदत मिळते, तिचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला असल्यास जरूर लिहावे. सामानासकट डब्यात चढवून देतात का, हे मला विशेषकरून हवे आहे.

बाबांच्या जेवणाचीही काळजी आहे. दुपारी तीननंतर तिथल्या बऱ्याच खानावळींची स्वयंपाकघरे बंद होतात ती सातच्या पुढेच उघडतात, आणि बाबांना तेवढा वेळ उपाशी ठेवता येणार नाही. दूध-तुपाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणून तेलावर भाजलेले धपाटे आणि तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर घेण्याचा विचार आहे. टर्मिनीत त्या वेळेत मिळेल असे साधे, गरम, शाकाहारी काही कोणी खाल्ले असेल तर सांगावे.

गाडीची तिकिटे जसजशी उशिरा काढावीत तसतशी महाग होत जातात, त्यामुळे मला येत्या रविवारपर्यंत काय ते ठरवायचे आहे.