खटला मागे घेतला म्हणजे आरोप खोटे, असं नव्हे

'खटला मागे घेतला, म्हणजे आरोपांत दम नव्हता,' असं म्हटलं जातं; ते पटत नाही. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराचंच उदाहरण घ्या. लहानपणी पाद्र्यांनी अत्याचार केले म्हणून तिघांनी 2004 साली थेट व्हॅटिकनवर, म्हणजे कॅथलिक चर्चच्या रोममधल्या मुख्य सत्तेवर, सामूहिक (सगळ्या पीडितांच्या वतीने) दावा लावला. 2010 मध्ये त्यांच्या वकिलांनी स्वतःच तो काढून घेतला.

पण का? लुईव्हिलच्या 243 पीडितांनी 2003 मध्येच स्थानिक आर्चडायोसिसकडून (चर्चच्या प्रांतिक कारभाराकडून) अडीच कोटी डॉलरहून जास्त भरपाई घेऊन तडजोड केली होती. सामूहिक दाव्याला माणसं लागतात, ती आणायची कुठून? शिवाय व्हॅटिकन पडलं सार्वभौम राज्य, आणि परक्या राज्यावर अमेरिकेच्या कोर्टात सहसा दावा चालत नाही! 2008 मध्ये अपील कोर्टाने फट ठेवली ती एवढीच: अमेरिकेतले बिशप (पाद्र्यांचे वरिष्ठ) व्हॅटिकनचे नोकर ठरले, तर त्यांच्या हलगर्जीबद्दल दावा चालेल. आता बिशप पोपचा 'नोकर' हे कागदावर सिद्ध करून दाखवा! नेमणूक रोमहून, पण पगारपत्रक काही रोमहून निघत नाही. अमेरिकेतल्याच ओरेगन राज्यातल्या अशाच खटल्यात 2012 साली न्यायाधीशांनी पाद्री व्हॅटिकनचा नोकर नाही असंच ठरवलं.

अत्याचार झाले की नाही, हा प्रश्न लुईव्हिलच्या त्या दाव्यात सुनावणीला आलाच नाही.